अतिक्रमण कोणी केले?

'अतिक्रमण' हा शब्द अलीकडे आपल्या कानांना फार सवयीचा झाला आहे. रस्त्याकडेची टपरी उचलली की अतिक्रमण निघाले, गायरानातले छप्पर पाडले की अतिक्रमण निघाले, डोंगरउतारावरचे नाचणीचे वावर मोडले की तेही अतिक्रमणच! शब्द एवढा सरकारी आणि एवढा साधा, की त्यामागे काही प्रश्न असू शकतो हे आपल्या मनातही येत नाही. ज्याच्याजवळ कागद आहे तो मालक आणि ज्याच्याजवळ कागद नाही तो घुसखोर, इतका सोपा हिशेब आपण सुशिक्षितांनी मान्य करून टाकला आहे. परंतु कागद देणारा कोण? त्याला तो देण्याचा अधिकार कोणी दिला? आणि एकाच जमिनीवर दोन-तीन धनी हक्क सांगत असतील तर त्यांतल्या कोणाचा कागद खरा मानायचा? हे प्रश्न विचारल्यावाचून 'अतिक्रमण' हा शब्द उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे प्रश्न विचारण्याची जागा भोर-वेल्ह्याइतकी योग्य दुसरी क्वचितच सापडेल.

मित्रहो, आपल्या मुलखाचा इतिहास आपण गडांच्या नावांनी ओळखतो. राजगड, तोरणा, रोहिडा ही नावे घेतली की आपली छाती फुगते. २०२४ साली राज्य शासनाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला तेव्हाही आपल्याला आनंदच झाला. पण गडाखालच्या जमिनीचा इतिहास आपण कितीसा वाचतो? राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ मध्ये, शंकराजी नारायण सचिवांकडे हा मुलूख आला आणि त्यातून पंतसचिवांचे भोर संस्थान उभे राहिले. त्यांच्यावर साताऱ्याचे छत्रपती होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८२० मध्ये साताऱ्याच्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले, आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर भोरवर थेट कंपनी सरकारचाच हात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी सव्वानऊशे चौरस मैलांचा आणि सुमारे एक लाख सदतीस हजार वस्तीचा हा मुलूख नकाशात वेगळ्या रंगाने दाखवला जाई. कोर्ट पंतांचे, महसूल पंतांचा, शिक्का पंतांचा. मात्र पुण्याचा कलेक्टर हाच भोरचा पोलिटिकल एजंट असे! म्हणजे शेजारच्या हवेली तालुक्यात जो साहेब सरकार म्हणून हुकूम सोडी, तोच भोरमध्ये 'सल्लागार' म्हणून बसलेला असे. या सार्वभौमत्वाला काय म्हणावे? राजवाडा पंतांचा खरा, पण दिंडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!

१९२१ मध्ये संस्थानिकांचे नरेंद्र मंडळ स्थापन झाले. आमचे करार थेट इंग्लंडच्या राजाशी आहेत, हिंदुस्थान सरकारला आमच्या अंतर्गत कारभारात हात घालता येणार नाही, असा संस्थानिकांचा दावा होता. त्याचा विचार करण्यासाठी बटलर समिती नेमली गेली आणि १९२९ च्या अहवालात तिने निकाल दिला, की सार्वभौम सत्ता ही सार्वभौमच राहिली पाहिजे. तिची मर्यादा शब्दांत सांगता येणार नाही. इतक्या मोठ्या वादात रयतेचा उल्लेख कितीसा झाला? संस्थानाच्या जमिनीवर राज्य कोणाचे यावर राजे भांडले, वकील भांडले. त्या जमिनीवर राबणाऱ्याला मात्र कोणी पक्षकार मानले नाही.

भाटघरचे उदाहरण पाहा. वेळवंडी नदीवर इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण बांधले आणि त्या तलावाला व्हायटिंग या इंजिनिअरचे नाव दिले. पुढे त्याच जागी अधिक उंच धरण उभे राहिले, ते १९२८ च्या सुमारास पुरे झाले, आणि त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. आज आपण त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव दिले आहे. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. धरण भोर संस्थानच्या मुलखात. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी पुरंदर, बारामती, इंदापूरकडे, आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसकडे. १८७६-७७ च्या दुष्काळात होरपळलेल्या त्या भागाला पाण्याची गरज नव्हती असे कोण म्हणेल? प्रश्न गरजेचा नाही. ज्या खोऱ्यात पाणी अडले, त्या खोऱ्यातील माणसाच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' कोण म्हणणार होता? पंतसचिव? त्यांच्या शेजारी तर धरण बांधणाऱ्या सरकारचाच माणूस एजंट म्हणून बसलेला. इंग्रज सरकार? त्यांच्या दृष्टीने तो परका मुलूख, तिथली रयत त्यांची नव्हे. दोन धनी होते, म्हणून रयतेला दोन रखवालदार मिळाले असे झाले नाही. उलट एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशी सोय झाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ पाण्यातून वर येते, आणि आपण ते पाहायला हौसेने जातो. देवळाभोवती जी शेते आणि घरे होती त्यांची आठवण किती जणांना होते?

आता डोंगर ओलांडून पलीकडे मुळशीत जाऊ. तेथे संस्थान नव्हते, थेट इंग्रजी अंमल होता. मुळशी पेटा तेव्हा हवेली तालुक्यात मोडत असे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधण्याचे ठरवले. पाणी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली भिरा येथे सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे तिच्या तडाख्यात येणार होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जमीन कायदेशीररीत्या संपादन करण्यापूर्वीच कंपनीच्या लोकांनी शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली होती. म्हणजे मुळशीत पहिले अतिक्रमण कोणी केले? ज्याच्या पणजोबाने ते खाचर बांधले त्या मावळ्याने, की त्याला न विचारता त्याच्या भाताच्या खाचरात कुदळ मारणाऱ्याने? कागदोपत्री उत्तर मात्र लवकरच उलटे झाले. १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला आला. 'सार्वजनिक हित' हे दोन शब्द लिहिले गेले आणि खाचराचा धनी आपल्याच खाचरात परका ठरला.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. शेकडो माणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली आणि काम काही महिने थांबले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. गांधीजींनीही एप्रिल १९२१ मध्ये 'यंग इंडिया'तून टाटांना गरिबांच्या इच्छेविरुद्ध जमीन न घेण्याविषयी विनवले. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. परंतु मावळ्यांच्या पाठीशी उभे राहतील असे वाटणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पुढे पाऊल मागे घेतले. कारण पेट्यातील बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेली होती, आणि मावळा आपल्या पूर्वजांच्याच जमिनीवर कूळ होऊन राबत होता. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. रक्कम चांगली मिळत असेल तर धरणाला त्याची हरकत का असावी? १९२४ च्या अखेरीस बापटांनी शस्त्र घेऊन कंपनीची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ मध्ये धरण पूर्ण झाले. लढा हरला.

मुळशीचा लढा हरला तरी त्याने एक प्रश्न मागे ठेवला, आणि तो मला स्वराज्याच्या चळवळीतील इतर पुष्कळ प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो. सरकार परकीय होते, पण कंपनी स्वदेशी होती. सावकार तर आपलेच होते, त्यांतले काही स्वराज्यवादीही होते. मग मावळ्याचे भांडण नक्की कोणाशी? इंग्रज उद्या गेला तर हे खाचर मावळ्याला परत मिळणार होते काय? सार्वभौमत्व इंग्रजांकडून आपल्या हाती येणे आणि जमिनीचा हक्क कसणाऱ्याच्या हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुळशीने १९२१ मध्येच दाखवून दिले. झेंड्याचा रंग बदलला म्हणून चराची खोली बदलत नाही!

येथे कोणी म्हणेल, की जमीन शेवटी राज्याचीच असते, राजाने द्यावी आणि राजाने घ्यावी, हीच जगाची रीत. पण ही आपल्या मातीतली रीत नव्हे. पेशवाईत आपल्याकडे मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार सारा भरत असेतो त्याला जमिनीवरून काढता येत नसे. त्याचा हक्क वारसाने चाले, तो गाव सोडून गेला तरी त्याच्या हक्काची आठवण गाव ठेवी. उपऱ्याला तेवढे संरक्षण नव्हते. म्हणजे आपला समाज समतेचा होता असा माझा दावा नाही, मुळीच नाही. पण राज्याचा अधिकार आणि कसणाऱ्याचा अधिकार हे दोन निराळे आहेत, एवढी जाण त्या व्यवस्थेत होती. इंग्रजी अमलात मोजणी झाली, नोंदी झाल्या, आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने ठरवले, की जी जमीन दुसऱ्या कोणाची म्हणून सिद्ध होत नाही ती सरकारची. वाक्य साधे आहे, पण त्याने सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर टाकले ते पाहा. ज्याला अक्षर येत नाही त्याने कागद दाखवायचा, आणि ज्याच्या कचेरीत सगळे कागद आहेत त्याने नुसते 'आमची' म्हणायचे. डोंगरावर दळी करणारा, रानातून गुरे चारणारा धनगर, जंगलाच्या कडेला राहणारा कातकरी, यांचे कागद कोण करणार होते? ते एका रात्रीत अतिक्रमण करणारे झाले. आपल्या जागेवरून तसूभरही न हलता!

हा प्रश्न केवळ आपल्या घाटातला आहे असेही नाही. हाँगकाँगमधील काउलून या तटबंदीच्या वस्तीची हकिगत या दृष्टीने फार बोलकी आहे. १८९८ मध्ये इंग्रजांनी चीनकडून हाँगकाँगलगतचा मुलूख नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला. त्या करारात या लहानशा कोटाच्या आत चिनी अधिकाऱ्यांचा अंमल राहील असे कलम होते. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्या अधिकाऱ्यांना हुसकून लावले. चीनने आपला दावा सोडला नाही. साडेसहा एकरांच्या आसपास जागा आणि तिचे दोन धनी! १९३३ मध्ये इंग्रजांनी तेथील जुनी घरे पाडून चारशेच्या वर रहिवाशांना हलवण्याचे ठरवले, तेव्हा चीनने हरकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित येऊन तेथे राहिले आणि १९४७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे दोन हजार झाली. जानेवारी १९४८ मध्ये इंग्रजांनी त्यांना काढण्याचा प्रयत्न केला. दंगल झाली, आणि तिचे पडसाद थेट कँटन शहरात उमटून तेथील इंग्रज वकिलातीची इमारत जाळली गेली. त्यानंतर इंग्रजांनी बराच काळ त्या वस्तीकडे काणाडोळा करण्याचे धोरण ठेवले.

मग त्या माणसांचे कल्याण झाले काय? एका अर्थाने झाले. त्यांची घरे वाचली. पण ती वाचली ती त्यांचा हक्क मान्य झाला म्हणून नव्हे, तर दोन सरकारांचे एकमत होईना म्हणून. त्याचे मोलही त्यांनी भरले. दोघांपैकी कोणीही पूर्ण जबाबदारी घेईना. एकाला चिकटून एक इमारती चढत गेल्या, खालच्या गल्ल्यांत ऊन पडेना, गुंडांच्या टोळ्या माजल्या. अखेर १९८४ मध्ये इंग्लंड आणि चीन यांचा हाँगकाँगविषयी करार झाला. वाद मिटला, आणि १९८७ च्या जानेवारीत वस्ती पाडण्याची घोषणा झाली. सुमारे तेहतीस हजार माणसे तेथे राहत होती. त्यांना भरपाई मिळाली हे खरे, पण सर्वांना ती पुरेशी वाटली नाही हेही खरे. १९९४ पर्यंत वस्ती भुईसपाट झाली आणि आज तेथे बाग आहे.

काउलून, भाटघर आणि मुळशी ही तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. काउलूनमध्ये दोन धनी भांडत होते म्हणून माणसे राहिली. भाटघरला दोन धनी होते, पण एक दुसऱ्याच्या मुठीत होता, म्हणून माणसांचे काही चालले नाही. मुळशीत धनी एकच होता आणि माणसांनी त्याच्या अधिकारालाच आव्हान दिले; ती तुरुंगात गेली. तिन्ही ठिकाणी राहणाऱ्याचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या हक्कावर ठरले नाही. ते वरच्या माणसांच्या भांडणावर किंवा समेटावर ठरले. म्हणूनच मी म्हणतो, सार्वभौमत्व कोणाचे हा प्रश्न अपुरा आहे. उठवल्या गेलेल्या माणसाला जबाब देण्यास बांधलेला कोण, हा खरा प्रश्न. जो हुकूम देतो पण जबाब देत नाही त्याच्याजवळ सत्ता असेल. त्याला सार्वभौम म्हणण्यास माझे मन तयार नाही.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. काउलूनची दंगल आणि आपले विलीनीकरण यांत दोन महिन्यांचेही अंतर नाही. त्या दिवसापासून आपल्यावर एकच धनी आहे, आणि तो म्हणजे आपण स्वतः. आता बोट दाखवायला पंत नाहीत, एजंट नाही, गव्हर्नर नाही. आणि कायदा बदलता येतो हेही आपण पाहिले. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला मालक होण्याची वाट खुली केली. जो काल उपरी होता तो धनी झाला. पण जरा विचार करा, ज्याची जमीन १९२७-२८ मध्येच पाण्याखाली गेली होती त्या कुळाला या कायद्याचा काय उपयोग? पाण्याखालच्या जमिनीला कूळ नसते. तीस वर्षे आधी उठवलेला माणूस तीस वर्षांनी आलेल्या न्यायाला मुकला, आणि त्याची नातवंडे कागदाशिवाय राहिली.

स्वातंत्र्यानंतर याच मावळांत पानशेत झाले, वरसगाव झाले, गुंजवणी झाले, नीरा-देवघर झाले. पुण्याला पाणी मिळाले, पूर्वेकडे ऊस वाढला. माझा धरणांना विरोध नाही. या धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या शहरात जाऊन आपण शिकतो, नोकऱ्या करतो. त्यांना सरसकट शिव्या देणे हा कृतघ्नपणा होईल. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, २००६ मध्ये देशाने वनहक्काचा कायदा केला आणि २०१३ मध्ये १८९४ चा जुना भूसंपादन कायदा एकदाचा निकालात निघाला. ही पावले लहान नाहीत. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि तो डोंगरातल्या वाडीपर्यंत पोचणे यांत एक घाट आहे, आणि तो घाट चढून जाण्याचे काम अजून अर्धवट आहे. वनहक्काचा दावा करायचा तर पुरावा हवा, पुनर्वसनाचा हक्क मागायचा तर यादीत नाव हवे. पुन्हा तेच ओझे, पुन्हा त्याच डोक्यावर!

म्हणून माझ्या मते कोणालाही अतिक्रमण करणारा ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, तो माणूस आधी तेथे होता की कागद आधी तेथे आला? दुसरी, त्याच्या कुटुंबाला पूर्वी कोणत्या सरकारी कामासाठी दुसरीकडून उठवले होते काय, आणि उठवले असेल तर त्याचे देणे फिटले काय? तिसरी, आज त्याला हलवणे खरोखर अटळ असेल तर घर पाडण्यापूर्वी घर आणि पाणी सोडण्यापूर्वी जमीन मिळाली काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मिळाली तर बुलडोझरला बरेच कमी काम उरेल. या कसोट्या लावल्यावरही काही अतिक्रमणे खरीच निघतील हे मला मान्य आहे. गायरान बळकावून त्यावर बंगला बांधणारा धनदांडगा आणि त्याच गायरानाच्या कोपऱ्यात छप्पर घालणारा कातकरी यांना एकाच शब्दाने हाक मारणे हाच तर मुळातला अन्याय आहे.

शेवटी आपल्यासाठी, म्हणजे महाविद्यालयातील आपणा सर्वांसाठी, एक सूचना करतो. आपल्या इतिहास विभागात सनावळ्या आणि लढाया शिकवल्या जातात, ते योग्यच आहे. पण वेळवंड खोऱ्यातून, वेल्ह्याच्या वाड्यांतून आपल्या वर्गांत येणाऱ्या मुलामुलींच्या घरी जुन्या पत्र्याच्या पेट्यांत सातबाऱ्याचे उतारे, मोबदल्याच्या पावत्या, संस्थानी शिक्क्याचे कागद पडून असतील. काहींच्या आजीआजोबांना उठवल्याच्या गोष्टी त्यांच्या वाडवडिलांकडून ऐकलेल्या आठवत असतील. हे कागद उतरवून घेणे, या आठवणी गावाचे नाव आणि वर्ष घालून लिहून ठेवणे, हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात सुरू होऊ शकते. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर दोन-तीन वर्षांत एका खोऱ्याचा दप्तरखानाच तयार होईल. उद्या एखाद्या वाडीवर नोटीस लागली तर त्या दप्तरातील एक कागद दहा भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्या डोक्यावर टाकले आहे, त्याला निदान हात लावण्याएवढे तरी शिक्षण आपण घेतले आहे. त्याचा उपयोग करण्याची वेळ हीच आहे, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.